धरले कसे, हे कोण विचारणार?

आमच्या डाळजला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्या आहेत. सकाळी पेपर येतो, एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. २२ जुलै २०२५ च्या सकाळी पहिल्या पानावर मोठी बातमी होती. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी निर्दोष सोडले होते. वाचणाऱ्याने मथळा वाचला आणि टपरीवर प्रश्न आला, "सुटले कसे?" विचारणारा माणूस वाईट नव्हता. आमच्या सुखदुःखात येणाराच होता. पण एकोणीस वर्षांनी सुटलेल्या माणसांविषयी पहिला प्रश्न "सुटले कसे?" असा येतो, "धरले कसे?" असा येत नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हीही तो दुसरा प्रश्न मोठ्याने विचारला नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

त्या रात्री आम्ही अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' पुन्हा काढले. मूळ पुस्तक उर्दूत आहे. आमची उर्दू मदरशातल्या दोन वर्षांची, घरची बोली दखनी आणि लिहिण्या-वाचण्याची भाषा मराठी. त्यामुळे काही पाने उर्दूतून अडखळत आणि बाकीचे हिंदीतून, असे आमचे वाचन झाले. हा लेख त्या पुस्तकाविषयी आहे. पण पुस्तक वाचताना जो प्रश्न सतत पडत गेला त्याविषयी तो अधिक आहे. हे पुस्तक कैद्याला का लिहावे लागले? ते लिहिण्याचे काम खरे तर कोणाचे होते?

आधी हकीकत थोडक्यात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८९ माणसे मेली, आठशेच्या वर जखमी झाली. कामावरून घरी निघालेली ही माणसे सर्व जातिधर्मांची होती. त्यांच्या घरच्यांना न्याय मिळणे हा पहिला हक्क आहे, हे विसरून या विषयावर बोलणाऱ्याला बोलायचा अधिकार नाही. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. तेरा जणांवर मोक्काखाली खटला चालला. ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले आणि एकाला सोडले. तो एक म्हणजे मुंबईतले शाळामास्तर अब्दुल वाहिद शेख. त्यांची नऊ वर्षे आत गेली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस बारांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. फाशीच्या पाचांपैकी एक जण २०२१ साली नागपूरच्या तुरुंगात करोनाने वारला. २१ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली तेव्हा तो निकाल ऐकायला तो हयात नव्हता.

राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत नजीर म्हणून वापरू नये, असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. तेव्हा शेवटचा शब्द न्यायालयाचा, तो आम्ही आमच्या तोंडी घेत नाही. मात्र उच्च न्यायालयाने जी कारणे दिली ती प्रत्येक वाचत्या माणसाने वाचावीत अशी आहेत. टॅक्सीवाल्यांसारखे महत्त्वाचे साक्षीदार घटनेनंतर शंभराहून अधिक दिवस गप्प होते. ओळखपरेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली त्याला तो अधिकारच नव्हता. कबुलीजबाबांत एकसारखा मजकूर होता आणि ते छळ करून घेतल्याच्या तक्रारीला वैद्यकीय कागदांचा आधार होता. बॉम्ब कोणत्या जातीचा होता हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

आता यातली एकही गोष्ट २०२५ साली नव्याने घडलेली नाही. साक्षीदार किती दिवसांनी बोलला हे २००६ सालीच कागदावर होते. ओळखपरेड कोणी घेतली हेही कागदावर होते. कागद वाचणारा कोणी नव्हता. नव्हता कसा? होता, आर्थर रोडच्या तुरुंगात. 'बेगुनाह कैदी'चे पहिले महत्त्व आम्हाला हेच वाटते. वाहिद शेख यांनी कबुलीजबाबावर सही केली नाही. तुरुंगातूनच त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. त्यांच्यासारख्या कैद्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज कोठडीतून केले, दोषारोपपत्राचे पान न् पान वाचले, तारखांना तारखा लावून पाहिल्या. बाहेरच्या वार्ताहराने करायची सगळी कामे आतल्या आरोपीने केली.

पुस्तकाची भाषा साधी आहे. छळाचे वर्णन करताना लेखक आवाज चढवत नाही. कोणत्या खोलीत काय झाले, कोण काय म्हणाले, हे तो शाळेचा हजेरीपट भरावा तसे लिहीत जातो, आणि म्हणूनच ते अंगावर येते. खोटी केस कशी उभी राहते याची एक रीत असते, ती पायरीपायरीने दाखवणे हे या पुस्तकाचे खरे बळ. रडगाणे या शब्दाने आपल्या समाजाच्या लेखनाची बोळवण करणाऱ्या टीकाकारांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

पण समीक्षा करायची तर उणे बाजूही सांगितली पाहिजे. पुस्तक आरोपपत्राला दिलेल्या उत्तरासारखे चालते. त्यामुळे मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, आणि खटल्याबाहेरच्या वाचकाला नावे व कलमे यांच्या गर्दीत वाट काढावी लागते. त्याहून मोठी अडचण लेखकाच्या हाती नसलेली आहे. कैदी टॅक्सीवाल्याच्या घरी जाऊ शकत नाही. बाबा रे, तू इतके दिवस का बोलला नाहीस, असे त्याला विचारू शकत नाही. पंचाला भेटू शकत नाही, फलाटावर उभे राहून किती अंतरावरून चेहरा दिसतो हे पाहू शकत नाही. शिवाय तो बेगुनाह आहे हे तोच सांगतो, म्हणून टपरीवरचा माणूस म्हणतो, "आरोपी असेच म्हणणार." म्हणजे खरे बोलूनही त्याची गवाही अर्धीच धरली जाते. उरलेली अर्धी बाहेरच्या माणसाने द्यायची असते. २०२२ साली सुदर्शन गमरे यांनी याच हकिकतीवर 'हीमोलिम्फ' हा हिंदी चित्रपट काढला. तो काढणारा आपल्या समाजाबाहेरचा एक तरुण होता, याचे आम्हाला मोल वाटते. पण चित्रपटही निकालानंतरच आला. निकालाआधी कागद घेऊन दारोदार फिरणारा कोण?

अमेरिकेत हे काम एका विद्यापीठात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवले गेले. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेडिल नावाची पत्रकारितेची शाळा आहे. तिथले प्राध्यापक डेव्हिड प्रोटेस विद्यार्थ्यांना वर्गात बसवून बातमी कशी लिहावी एवढेच सांगत नसत. ते त्यांना शिक्षा झालेल्या माणसाची केस हातात देत आणि कागद वाचा, साक्षीदार शोधा, जागेवर जा, असे सांगत. अँथनी पोर्टर नावाच्या काळ्या माणसाला १९८२ च्या दुहेरी खुनासाठी फाशी झाली होती. १९९८ साली फाशीला दोन दिवस उरले असताना त्याला स्थगिती मिळाली आणि केस या विद्यार्थ्यांकडे आली. ते बागेत गेले, साक्षीदार जिथे होतो म्हणाला तिथे उभे राहिले, आणि तिथून एवढे दिसणे शक्य नाही असे त्यांना आढळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये पोर्टर सुटला. पुढच्या वर्षी इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी राज्यात फाशीची अंमलबजावणी थांबवली. जानेवारी २००३ मध्ये त्यांनी १६७ जणांची फाशी बदलली. २०११ साली त्या राज्याने फाशीच रद्द केली. वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींनी जुने कागद वाचल्याचा हा परिणाम.

ही गोष्ट आपल्याकडे सांगताना लोक इथेच थांबतात. आम्ही थांबणार नाही, कारण पुढचा भाग आपल्याला जास्त कामाचा आहे. पोर्टरच्या जागी ज्या माणसाने गुन्हा कबूल केला, त्या अल्स्टोरी सायमनला सदतीस वर्षांची शिक्षा झाली. त्याचा कबुलीजबाब विद्यार्थ्यांबरोबर काम करणाऱ्या एका खाजगी तपासनिसाने कॅमेऱ्यासमोर घेतला होता. २०१४ साली तोही सुटला. तो कबुलीजबाब ज्या पद्धतीने मिळवला ती पद्धतच दूषित होती, असे सरकारी वकिलांनी सांगितले. प्रोटेस यांना २०११ सालीच दुसऱ्या एका केसच्या कागदांवरून झालेल्या वादानंतर विद्यापीठ सोडावे लागले होते. म्हणजे एका निरपराधाला सोडवण्याच्या घाईत, पोलीस जे करतात तेच सत्यशोधकाने केले असा आरोप त्याच्यावर आला. धडा स्पष्ट आहे. आपल्या माणसाला सोडवायचे म्हणून कागद वाचू नये, काय घडले हे कळावे म्हणून वाचावा. उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते छापावे. ही तयारी नसेल तर आपण वकील होऊ, वार्ताहर होणार नाही.

आपल्याकडे हे काम अगदीच झाले नाही असे नाही. दिल्लीच्या जामिया शिक्षक संघटनेने २०१२ साली न्यायालयांतून सुटलेल्या माणसांच्या केसेस एकत्र करून अहवाल काढला. तो निकालपत्रांवर उभा होता, म्हणून त्याला कोणी अफवा म्हणू शकले नाही. काही मोजक्या पत्रकारांनी धोका पत्करून लिहिले. पण हे बहुतेक इंग्रजीत. मराठी पेपरात काय आले? ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि नऊ मुसलमान पकडले गेले. तेव्हा 'कट उधळला' असे मथळे आम्ही वाचले. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एकाचा इंतकाल झाला होता. पकडल्याची बातमी किती स्तंभांची होती आणि सुटल्याची किती, हे कोणीही जुने अंक काढून पट्टीने मोजून पाहावे.

पण पेपरवाल्यांना बोल लावणे सोपे आहे. आम्ही स्वतः काही वर्षे एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. बातमी म्हणजे पोलीस ठाण्यातून आलेली प्रेसनोट. ती आपल्या अक्षरात उतरवायची आणि पाठवायची. एकदा दरोड्याच्या तयारीत असलेल्या तिघा पारधी तरुणांना पकडल्याची नोट आली. आम्ही ती नावांसकट पाठवली, छापून आली, कात्रण काढून ठेवले. 'संशयित' हा शब्द नोटमध्ये नव्हता, म्हणून आमच्या बातमीतही नव्हता. वस्ती आमच्यापासून लांब नव्हती. उजनीच्या फुगवट्याच्या कडेला पालं होती, सायकलवर जाता आले असते. आम्ही गेलो नाही. 'बेगुनाह कैदी' पहिल्यांदा वाचून झाल्यावर ते कात्रण आठवले आणि कोर्टात चौकशी केली. तिघेही केव्हाच निर्दोष सुटले होते. त्या बातमीची एक ओळसुद्धा आम्ही कधी पाठवली नव्हती. वाहिद शेख यांच्या पुस्तकात जे वार्ताहर आम्हाला भेटतात, त्यांच्यात आम्ही बसतो, हे कबूल करायला आम्हाला वेळ लागला.

म्हणून दुसरी एक केस इथे सांगणे भाग आहे. २००३ सालच्या एका दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आपला जुना निकाल फिरवून सर्वांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपास अधिकाऱ्यांची चौकशी करायला सांगितले. कारण काय? वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. हा कागद सोळा वर्षे फायलीत होता. फाशीच्या तीन निकालांतून तो गेला, कोणाच्या नजरेला लागला नाही. मेडिलच्या वर्गातल्या पोराने तो पहिल्या आठवड्यात बाहेर काढला असता.

हे सहा जण मुसलमान नव्हते. २०१९ साली आपल्या किती अंकांनी, किती जलशांनी त्यांचे नाव घेतले? आम्हाला एकही आठवत नाही, आणि आम्हीही लिहिले नाही. आपल्यावर शिक्का बसला की आपण ओरडतो, पारध्यावर बसला की "ते असतातच तसे" म्हणतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांविषयी, तो कायदा १९५२ साली गेला तरी, आपले मन अजून त्या कायद्याखालीच आहे. खरी साक्ष लपवू नये, ती आपल्या स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी, ही शिकवण आपल्या घरात मुलाला लहानपणीच मिळते. ती आठवणीत ठेवायची असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

मराठी साहित्याकडे या नजरेने पाहिले तर एक मोठी पोकळी दिसते. आपल्याकडे तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकांचा मान फार. टिळकांचे 'गीतारहस्य' मंडालेत लिहिले गेले, साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात. पण ते कैदी राजकीय. आपण का आत आहोत हे त्यांना आणि जगाला ठाऊक होते. ज्याला आपण का आत आहोत हेच कळत नाही, अशा कैद्याचे लेखन मराठीत जवळजवळ नाही. त्याच्या सर्वांत जवळ गेले ते अण्णा भाऊ साठे यांचे 'फकिरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. शिक्का बसलेल्या माणसाच्या घरात पोलीस शिरतात तेव्हा काय होते, हे या लेखकांनी आतून सांगितले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपली गोष्ट मराठीत सांगू लागलो. त्यात आपली गरिबी आली, तलाक आला, दंगल आली. पण कोर्टाची तारीख आली का? कोठडीच्या दारात डबा घेऊन उभी असलेली अम्मी आली का? नवरा आत असताना दहा वर्षे शाळेचा दाखला, रेशनकार्ड, भाड्याची खोली यांसाठी फिरणारी बायको आली का? अशी घरे आपल्या आसपास असताना आपल्या कथेत ती नाहीत. याचे एक कारण भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही, हे आम्ही मान्य करतो. पण दुसरे कारण आळस आहे.

कायद्यानेही फार काही दिलेले नाही. पुरेशा कारणावाचून अटक करायला लावणाऱ्याने द्यायच्या भरपाईची मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ मध्ये एक हजार रुपये होती, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ मध्येही तेवढीच ठेवली आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल देऊन, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांसाठी वेगळा भरपाई कायदा करा, अशी शिफारस केली होती. २०२५ साली वाहिद शेख यांनी नऊ वर्षांसाठी नऊ कोटींची भरपाई मानवी हक्क आयोगाकडे मागितली, तेव्हा त्या आकड्यावर हसणारे भेटले. हजार रुपयांच्या कलमावर हसणारा आम्हाला अजून भेटायचा आहे.

मग करायचे काय? मोठ्या घोषणा आम्हाला जमत नाहीत. पुण्यात पत्रकारिता शिकायला आपली मुले-मुली आता जातात, पदव्युत्तर वर्गांत बसतात, वर्षाअखेर प्रबंधही लिहितात. विषय असतात समाजमाध्यमे, जाहिरात, निवडणुकीचे वार्तांकन. त्यांतल्या एकाने तरी एका निकाली निघालेल्या खटल्याची फाईल घ्यावी. बारामतीचे सत्र न्यायालय आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. निकालपत्राची नक्कल अर्ज करून मिळते. अटकेची तारीख, ओळखपरेडची तारीख, साक्षीदाराच्या पहिल्या जबाबाची तारीख एका कागदावर ओळीने मांडली तरी बरेच काही दिसू लागते. खटला मुसलमानाचाच हवा असे नाही. उलट पहिला खटला मुसलमानाचा नसावा, असे आम्ही सुचवू. तपासाअंती आरोपी खरोखर दोषी निघाला तर तेही लिहावे. अशा एका लेखासाठी या अंकाने दर वर्षी काही पाने राखून ठेवावीत. कविता चार कमी आल्या तरी चालतील.

'बेगुनाह कैदी' हे पुस्तक त्या वर्गात पहिले पाठ्यपुस्तक म्हणून लावता येईल. त्यात सगळे आहे म्हणून नव्हे. जे त्यात नाही, म्हणजे बाहेरच्या माणसाची अर्धी गवाही, ते कोणी लिहायचे हे ते पानोपानी दाखवते म्हणून.

आम्ही आमच्यापुरते एक काम केले. त्या तिघा पारधी तरुणांपैकी एकाच्या भावाला शोधून काढले, कात्रण आणि निकालाची नक्कल दोन्ही त्याच्यापुढे ठेवली. त्याने आधी निकाल पाहिला नाही, कात्रण पाहिले. घरात पेपर ठेवलेला नव्हता, पण त्यात काय छापले होते ते त्याला तोंडपाठ होते. "हे तुम्ही लिव्हलं व्हतं का?" त्याने विचारले. आम्ही हो म्हणालो. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. निघताना तो म्हणाला, "मंग आता सुटल्याचं बी लिव्हा." ते आम्ही इथे लिहिले आहे, इतक्या वर्षांनी आणि नावाशिवाय. नावे पुन्हा छापायची की नाही, ते ठरवायचा हक्क आता त्यांचा.